नागरी धर्मजीवनाचे संशोधन आणि ‘आम्ही’चा प्रश्न

शहरातील धर्मजीवनाचा अभ्यास म्हणजे प्रार्थनास्थळांची मोजदाद आणि जनगणनेतील रकाने, असा एक समज विद्यापीठीय संशोधनात रूढ आहे. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सुमारे २७.९ लाख नोंदली गेली. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेचा प्रभाव या आकड्यात दिसतो. परंतु घरातील देव्हारा केव्हा रिकामा झाला, विवाहविधी कसा पालटला आणि घरात तो निर्णय कोणी घेतला, हे आकडा सांगू शकत नाही. ते वस्तीलाच विचारावे लागते.

या दृष्टीने ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हा ग्रंथ सहकार्याच्या संशोधनाचा वस्तुपाठ होय. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना लेखिकांनी केवळ माहिती पुरविणाऱ्या न मानता इतिहासाच्या कर्त्या मानले. शीर्षकातच ही भूमिका व्यक्त झाली आहे. मराठीतील ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते. आणि ‘ही’ हे अव्यय, ज्यांनी या स्त्रियांना इतिहासाबाहेर ठेवले, त्यांना दिलेले उत्तर आहे.

वसंत मून यांचे ‘वस्ती’ (१९९५) हे आत्मकथन नागपूरच्याच एका महारवस्तीचे जीवन आतून दाखविते. तेथील तपशील दाट आणि विश्वसनीय वाटतो. तथापि स्मृती एकाचीच असल्याने तिचा पडताळा ग्रंथाच्या आत मिळत नाही. अनेक कंठांतून उभा राहिलेला इतिहास ही उणीव काही अंशी भरून काढतो.

परंतु सहकार्य म्हणजे निर्दोषता नव्हे. संशोधक आणि निवेदक यांची निष्ठा एक असली की दार लवकर उघडते; त्याच कारणाने काही प्रश्न विचारायचे राहून जाण्याचा संभव असतो. १९५६ नंतर सांगितलेली आठवण १९५६ पूर्वीच्या श्रद्धांची पुनर्रचना करते. जाईबाई चौधरी यांनी नागपुरात काढलेल्या कन्याशाळेस चोखामेळ्याचे नाव होते, डॉ. आंबेडकरांनीही १९४८ मधील ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. संतपरंपरा आणि धम्म यांचा हा संबंध ‘त्याग’ या एका शब्दात बसत नाही. त्यासाठी विरोधी आठवणीही मागून घेण्याचे धैर्य हवे.

नागपूरच्या दक्षिणेस मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव इत्यादी गावांच्या जमिनी संपादित झाल्या, तेव्हापासून हा प्रश्न केवळ ग्रंथांपुरता राहिलेला नाही. मोबदल्याच्या तक्त्यात घर मोजता येते, विहीर मोजता येते. शिवेवरचा देव, विहारातील पौर्णिमेची बैठक वा दर्ग्याचा नवस यांना तेथे रकाना नसतो. गावठाण हलल्यावर ज्यांच्या स्मरणात ते जग उरते, त्यांची पिढी मर्यादित आहे.

तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्नावली वस्तीबरोबर बसून तयार करावी, लिहिलेले वस्तीस वाचून दाखवावे आणि मतभेद टिपणांतून न पुसता मजकुरातच ठेवावेत. संशोधकाला निवेदकांच्या ‘आम्ही’त प्रवेश मागावा लागतो, तो पदवीबरोबर मिळत नाही.