गोन्साल्विस, अँथनी

गोन्साल्विस, अँथनी : (१९२७–१८ जानेवारी २०१२). हिंदी चित्रपटसंगीतातील व्हायोलिनवादक, वाद्यवृंद-संयोजक व रागाधिष्ठित सिंफनी-रचनांचे कर्ते. जन्म गोव्यातील सासष्टी तालुक्यातील माजोर्डा येथे. वडील तेथील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. गोव्याबाहेर उपजीविकेचे साधन म्हणून हीच विद्या गोमंतकीय ख्रिस्ती तरुणांच्या उपयोगी पडली. गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले व पुढे संयोजक बनले.

संयोजकाच्या कामाचे स्वरूप येथे सांगितले पाहिजे. संगीतकार पेटीवर चाल बसवीत असे. पण तीस-चाळीस वादकांपैकी कोणी केव्हा काय वाजवावे, हे प्रत्येकाला लिहून द्यावे लागे. ध्वनिमुद्रण एका सलग आवर्तनात होत असल्यामुळे एका वादकाची चूक झाली, तरी गाणे पुन्हा आरंभापासून घ्यावे लागे. बहुतेक संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नसल्याने हा भार गोमंतकीय संयोजकांवर पडला. शंकर-जयकिशन यांच्याकडे सबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्र यांच्याकडे चिक चॉकलेट ही त्यांपैकी परिचित नावे. श्रेयनामावलीत मात्र त्यांचा उल्लेख क्वचित, तोही ‘साहाय्यक’ म्हणून होई.

या अनामिकतेमुळे गोन्साल्विस यांच्या चित्रपटीय कार्याचे मूल्यमापन अवघड झाले आहे. महल (१९४९), नया दौर (१९५७), वक्त (१९६५) या चित्रपटांशी त्यांचे नाव जोडले जाते. या तिन्हींचे संगीतकार वेगळे, शैलीही वेगळ्या. एखाद्या गीतातील तंतुवाद्यांची ओळ संगीतकाराची की संयोजकाची, हे केवळ ध्वनिमुद्रिका ऐकून ठरविता येत नाही. त्यामुळे अमुक सौंदर्यस्थळ त्यांचेच, असे ठासून सांगणाऱ्या लेखनाकडे सावधपणेच पाहावे लागते.

त्यांचे स्वतःचे म्हणता येईल असे कार्य चित्रपटाबाहेरचे आहे. अनेक गोमंतकीय वादकांना हिंदुस्थानी संगीताविषयी विशेष आस्था नव्हती. गोन्साल्विस यांनी मात्र रागांचा अभ्यास केला. १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला व मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यांत एकल गायक होते. सारंग राग व तोडी थाट यांवर आधारलेल्या रचना त्यांनी या काळात केल्या.

या दोन निवडी धाडसी होत्या. पाश्चात्त्य स्वरसंवादाचा पाया म्हणजे षड्ज, गांधार व पंचम यांचा एकत्र उच्चार. सारंगात गांधार वर्ज्य असल्याने हा मूळचा स्वरगुच्छच मिळत नाही. तोडीत कोमल गांधारामुळे तो मिळतो, पण रचनेला विराम देणाऱ्या पंचमावरील गुच्छात शुद्ध ऋषभ लागतो आणि तोडीचा ऋषभ कोमल आहे. शिवाय पाश्चात्त्य सिंफनी आधारस्वर बदलत पुढे सरकते. रागाची बढत मात्र एकाच अढळ षड्जावर होते. चित्रपटगीतात ही अडचण सहज टळते, कारण तेथे रागाबाहेरचा स्वर घेतला, तरी कोणी हरकत घेत नाही. मैफलीतील रचनेला सारंगाचे नाव दिले, की ही मोकळीक संपते. अशा वेळी स्वरगुच्छांपेक्षा एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र स्वरपंक्ती हाच प्रशस्त मार्ग असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रयोगाचे महत्त्व त्याने किती प्रश्न सोडविले यात नाही. राग व स्वरसंवाद यांच्यातील विरोध, चित्रपटाच्या मोबदल्यावर जगणाऱ्या वादकांना घेऊन, त्याने उघड्या व्यासपीठावर मांडला यात आहे. चित्रपटसृष्टीने त्याचा पाठपुरावा केला नाही. एवढा मोठा वाद्यवृंद पोसणारा दुसरा आश्रयदाताही मुंबईत नव्हता.

१९६५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेतील सिरॅक्यूस विद्यापीठात गेले. तेथून परतल्यावर चित्रपटव्यवसायात पुन्हा न शिरता ते माजोर्ड्यास स्थायिक झाले. लोकांना मात्र त्यांचे नाव त्यानंतरच माहीत झाले. वांद्र्याच्या घरी ते व्हायोलिन शिकवीत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे तेथील विद्यार्थी, राहुलदेव बर्मन हेही त्यांच्याकडे शिकलेले. अमर अकबर अँथनी (१९७७) या चित्रपटातील आनंद बक्षी यांच्या गीतात नायकाच्या तोंडी जे नाव आले, ते प्यारेलाल यांनी गुरूविषयीच्या कृतज्ञतेने घातले. गाणे अतोनात लोकप्रिय झाले; पण ते नाव एका हयात संगीतकाराचे आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. गोव्यात त्यांचे निधन झाले.