काळे आकाश : ‘मूनराइज, हर्नान्डेझ’च्या प्रतींविषयी

आकाश आणि भूमी या दोहोंना एकाच निगेटिव्हवर न्याय देणे ही निसर्गदृश्याच्या छायाचित्रणातील जुनी अडचण होय. कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला फार लवकर वश होई. भूमीपुरता प्रकाश द्यावा, तर आकाश कोरे पडे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५७च्या सुमारास समुद्राची एक व ढगांची दुसरी निगेटिव्ह एकाच कागदावर छापून या अडचणीतून वाट काढली. पुढे सर्व रंग टिपणारी फिल्म व पिवळा फिल्टर आल्यावर आकाश ‘रचण्याचे’ कारण उरले नाही, असे सामान्यतः समजले जाते. ॲन्सेल ॲडम्सच्या ‘मूनराइज, हर्नान्डेझ, न्यू मेक्सिको’पुढे ही समजूत टिकत नाही.

या चित्राची जन्मकथा सर्वश्रुत आहे. प्रकाशमापक हाती लागेना. तेव्हा चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कॅन्डल असते, या स्मरणातल्या आकड्यावरून ॲडम्सने हिशेब केला आणि ८ × १० इंची फिल्मवर, गडद पिवळ्या फिल्टरमधून, एक सेकंदाचे चित्र घेतले. दुसरे घेण्यापूर्वीच क्रुसांवरचे ऊन सरले. ही कथा इतकी रंगतदार आहे, की त्या एका सेकंदातच कलाकृती पुरी झाली असे वाचकास वाटावे. वस्तुस्थिती निराळी आहे. निगेटिव्हमध्ये वरच्या आकाशात विरळ, फिकट ढगांचे पट्टे आहेत. आरंभीच्या प्रतींत ते दिसतात. १९४८ मध्ये ॲडम्सने निगेटिव्हच्या खालच्या भागाची घनता रसायनाने वाढविली. आकाशाचा भाग तो छापताना अधिकाधिक गडद करीत गेला. १९७०नंतरच्या प्रतींत ते जवळजवळ निखळ काळे झाले आहे. क्षितिजालगतचा शुभ्र मेघपट्टा तेवढा राहिला.

निगेटिव्ह ही स्वरलिपी व प्रत हे वादन, असे पियानोवादनाची तालीम घेतलेला ॲडम्स म्हणत असे. उपमा मार्मिक आहे, पण तिने प्रश्न मिटत नाही. वादकाने स्वरच गाळले तर काय म्हणावे? चित्राची वेळ खगोलगणिताने निश्चित झाली आहे : १ नोव्हेंबर १९४१, दुपारी सुमारे ४ वाजून ४९ मिनिटे. (खुद्द ॲडम्स निरनिराळी वर्षे सांगे.) म्हणजे सूर्य मावळला नव्हता. उत्तरकालीन प्रतींतील रात्र ही काळ्या खोलीतली रात्र आहे. तिच्यात भव्यता आली, हे निर्विवाद; परंतु मावळतीच्या उन्हाचा आणि वरच्या विरळ ढगांचा जो संबंध आरंभीच्या प्रतींत जाणवतो, तो तुटला. क्रूस उजळले कशाने, हेच प्रेक्षकाला उमगेनासे होते. या दृष्टीने आरंभीच्या प्रती, थोड्या निस्तेज असूनही, अधिक सत्यपूर्ण वाटतात.

ॲडम्सने या निगेटिव्हच्या हजारांहून अधिक प्रती काढल्या. त्यांपैकी कोणत्याही प्रतीखाली केवळ ‘१९४१’ असे छापले, तर ते निगेटिव्हचे वर्ष ठरते. डोळ्यांपुढच्या आकाशाचे नव्हे.