पोथीतला लाल, गिटमधला लाल

मी दिवसभरात जे काही वाचतो त्यातलं निम्मं तरी लाल आणि हिरव्या ओळींत असतं. गिट ही आमच्या धंद्यातली रोजकीर्दीची वही. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने ती लिनक्सच्या कामासाठी तयार केली आणि आज कुठल्याही कंपनीत कोड लिहायला बसलात तर बहुधा तिच्यातच नोंद करावी लागते. काळ्या टर्मिनलवर 'गिट डिफ' असं टाइप केलं की आधीचा कोड आणि आत्ताचा कोड यांतला फरक समोर येतो. गाळलेली ओळ लाल, तिच्या आधी वजाचं चिन्ह. घातलेली ओळ हिरवी, तिच्या आधी अधिकचं. एखाद्या ओळीतलं एकच अक्षर बदललं असलं तरी गिट आपणहून सांगतं ते असंच, की एक ओळ गेली आणि एक आली. 'बदलणे' हे क्रियापद या भाषेत मुळात नाही. 'गाळणे' आणि 'घालणे' एवढ्यावर तिचं भागतं.

रंगांची काय समीक्षा करायची, ती तर सजावट, असं कोणी म्हणेल. मलाही तसंच वाटायचं. पण मजकुराला रंग लावणं म्हणजे त्यावर टीका लिहिणं आहे. टीका हा शब्द जुन्या अर्थाने, ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका या अर्थाने. अधिक आणि वजा ही चिन्हं मूळ मजकुरात आहेत. डिफ ही आज्ञा सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये जन्मली, तेव्हा रंगांचा प्रश्नच नव्हता. रंग हे त्यावर मागाहून चढलेलं भाष्य, आणि ते किती वरवरचं आहे हे यंत्रणा पाहिली की कळतं. गिट ओळीच्या आधी टर्मिनलकडे एक छुपा संकेत पाठवतं: एस्केपचं न दिसणारं अक्षर, एक चौकटी कंस, ३१ हा आकडा आणि शेवटी 'एम'. ३१ म्हणजे लाल, ३२ म्हणजे हिरवा. नेमका कुठला लाल, हे गिटला ठाऊक नसतं. ते ज्याचं त्याचं टर्मिनल ठरवतं. माझ्याकडे विटकरी दिसतो, शेजारच्याकडे कुंकवासारखा.

शिवाय हा लाल फक्त माणसासाठी. 'कलर.यूआय' ही सेटिंग २०१३ सालच्या १.८.४ या आवृत्तीपासून आपोआप 'ऑटो'वर असते, म्हणजे समोर टर्मिनल असेल तरच रंग. तोच डिफ फाइलमध्ये साठवा किंवा दुसऱ्या प्रोग्रामला द्या, रंग नाहीसे आणि अधिक-वजा जागच्या जागी. हौसेने 'ऑलवेज' करून ठेवणाऱ्याच्या फाइलीत मग ३१-३२ची खडी पसरते. यंत्राला भाष्याची अडचण होते. माणसाला मात्र भाष्याशिवाय मूळ वाचायचा कंटाळा येतो, आणि हे मी स्वतःवरून सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एका सहकाऱ्याने सवलतीचे नियम तपासणारा दीडशेएक ओळींचा कोड एका फाइलीतून उचलून दुसरीत नेला. रिव्ह्यू माझ्याकडे होता. वर लाल भिंत, खाली हिरवी भिंत. मी दोन्ही सरकवत गेलो, उंची सारखीच वाटली, मान्यता देऊन चहाला गेलो. त्या हलवाहलवीत 'साठ किंवा जास्त' ही अट 'साठहून जास्त' झाली होती. एक बरोबरीचं चिन्ह गळालं होतं. दोन दिवस बरोब्बर साठ वर्षांच्या माणसांना सवलत नाकारली गेली. त्यांतल्या एका बाईंनी फोन करून, 'माझं वय मोजायला चुकलंय का काही?' असं अगदी अजिजीने विचारलं होतं. ते ध्वनिमुद्रण आम्हाला मीटिंगमध्ये ऐकवलं गेलं. नजरचूक झाली असं मी म्हणालो, पण ते खरं नव्हतं. नजरचूक व्हायला आधी वाचावं लागतं. मी फक्त रंग पाहिले होते.

चूक शोधायला आम्ही चौघं एका पडद्यासमोर बसलो तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवलं ते नेमकं अशा माणसाने, ज्याला लाल आणि हिरवा यांत फरकच दिसत नाही. दोन वर्षं आम्ही शेजारी बसत होतो आणि मला याचा पत्ता नव्हता. असे लोक थोडेथोडके नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण बारांत एक इतकं आहे. "मला दोन्ही शेवाळीच दिसतात रे," तो म्हणाला. "मी आपला अधिक-वजा वाचतो." तो भिंती पाहूच शकत नव्हता. त्यामुळे त्याला विटा मोजाव्या लागत होत्या.

तेव्हापासून मी गिटचे रंग जरा संशयाने वाचू लागलो, आणि एक टीकाकार म्हणून गिट फारसं सुसंगत नाही असं माझं मत झालं. डिफमध्ये लाल म्हणजे गाळलेलं. पण 'गिट स्टेटस' विचारा: तिथे लाल म्हणजे पुढच्या कमिटसाठी अजून न निवडलेलं. रात्रभर जागून लिहिलेली कोरी करकरीत फाइल तिथे लाल अक्षरांत येते, जणू काही गुन्हा केलाय. उलट एखादी फाइल उडवली आणि ते उडवणं कमिटसाठी निवडलं, की 'डिलीटेड' हा शब्द हिरवा होऊन झळकतो. 'गिट ब्रँच'ला दूरच्या शाखाही दाखवायला सांगितल्या तर त्या लाल असतात, निव्वळ दूर आहेत म्हणून. तीन ठिकाणी एकाच रंगाचे तीन अर्थ, आणि तिन्हींना जोडणारं काही असेल तर ती एक अस्पष्ट नापसंती. शाळेतल्या लाल शाईची आठवण म्हणा. आमच्या कामात तर गाळणं हे बहुधा पुण्यकर्मच असतं; मेलेला कोड निगुतीने काढून टाकणाऱ्याला शाबासकी द्यायची, तर गिट त्याला दिवसभर लाल दिव्यासमोर उभं करतं.

लाल म्हणजे रद्द, हे समीकरण आपल्याकडे तरी उपजत नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहिल्या तर लाल रंग मानाचा असतो. काळ्या शाईच्या मजकुरात दंड, 'उवाच', अध्यायाची समाप्ती अशा जागा हिंगुळाने किंवा गेरूने लाल केलेल्या दिसतात. वाचणाऱ्याने जिथे थांबायचं, तिथे लाल. राहून गेलेलं अक्षर घालायचं तर काकपदाची खूण करून ते समासात लिहीत. म्हणजे घालण्याला रंग नव्हता, चिन्ह होतं, आमच्या अधिकसारखं. आणि चुकलेलं अक्षर पुसायला हरताळ वापरत. हरताळ हे पिवळं खनिज. त्याचा लेप अक्षरावर दिला की ते झाकलं जाई. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, त्याचा रंग मात्र विसरून गेलो आहोत. मराठीत खोडणं पिवळं आहे.

गिटमध्ये हे रंग बदलता येतात. गाळलेल्या ओळीसाठी 'कलर.डिफ.ओल्ड', घातलेल्यासाठी 'कलर.डिफ.न्यू'. मी पहिल्याला 'यलो' दिला आणि दुसऱ्याला 'ब्लू'. पोथीचं प्रेम हे अर्धंच कारण. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या डोळ्यांना पिवळा आणि निळा सहसा वेगळे दिसतात. पहिला दिवस वाईट गेला. काळ्यावर तो निळा इतका बुडतो की नवी ओळ विहिरीत पडल्यासारखी वाटते. शेवटी 'ब्राइटब्लू' करावा लागला. मग लक्षात आलं की कमिटची ओळही मुळात पिवळी असते, म्हणजे माझ्या नव्या व्याकरणात प्रत्येक कमिट खोडलेलं. 'कलर.डिफ.कमिट'ही बदललं. एक रंग हलवला की त्याच्या मागे चार ओढले जातात.

पण माझी खरी तक्रार रंग कुठला याबद्दल नाहीच. २०१७ साली २.१५ या आवृत्तीत 'डिफ.कलरमूव्ह्ड' नावाची सोय आली. ती चालू केली की गिट पाहतं, गाळलेला मजकूर जसाच्या तसा दुसरीकडे घातला गेलाय का. गेला असेल तर तो लाल-हिरव्यात न दाखवता किरमिजी आणि आकाशी रंगांत दाखवतं. म्हणजे दोन क्रियापदांच्या या भाषेला तिसरं मिळतं: 'हलवणे'. मी रंग मूळपदावर आणून त्या पावसाळ्यातला डिफ पुन्हा काढून पाहिला. दोन्ही भिंती किरमिजी आणि आकाशी झाल्या, आणि मध्ये एकच ओळ लाल, एकच हिरवी उरली. बरोबरीचं चिन्ह तिथेच होतं, म्हणजे नव्हतं. गिटकडून होऊ शकणारं इतकं नेमकं वाचन ही सोय करते, आणि ती आपण मागेपर्यंत बंद असते. चांगला टीकाकार घरात बसवून ठेवायचा आणि दारात उभा करायचा तो तांबडा-हिरवा झेंडा हलवणारा.

ही सोय मी आता चालू ठेवली आहे, तरी तिच्यावर पुरता विसंबत नाही. हलवताना ओळींचा समास सरकला की तिची ओळख चुकते. त्यासाठी आणखी एक सेटिंग लागते. शिवाय किरमिजी भिंत दिसली की मी पुन्हा पाहू लागतो आणि वाचायचं थांबतो, हे मला जाणवतं.

पिवळा-निळा डिफ मी माझ्या त्या शेजाऱ्याला मोठ्या उत्साहाने दाखवला. त्याने मान वाकडी करून पाहिलं. "दिसतं की रे नीट," म्हणाला. मग स्वतःच्या पडद्याकडे वळला. त्याने 'कलर.यूआय' कधीचंच 'फॉल्स' करून ठेवलं आहे. त्याच्या खुर्चीत बसून डिफ वाचायचा झाला तर मला अजून दुप्पट वेळ लागतो.