जगलेले मूल, खुंटलेली वाढ : सच्चर अहवालातील एक उणीव

न्या. राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये मुस्लिम समाजाच्या स्थितीविषयीचा अहवाल सादर केला. शिक्षण, नोकरी व कर्जपुरवठा यांतील पिछेहाट त्याने आकड्यांनिशी सिद्ध केली, हे त्याचे मोठे कार्य होय. याच अहवालात एक विसंगतीही नोंदविलेली आहे. मुस्लिम समाजात बालमृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कमी आहे. परंतु बालकांच्या पोषणात ही आघाडी दिसत नाही. मूल जगते, पण वयाच्या मानाने त्याची उंची वाढत नाही.

अहवालाची मर्यादा येथेच जाणवते. विसंगतीची नोंद झाली, पाठपुरावा झाला नाही. समान संधी आयोग, राष्ट्रीय माहितीकोश, विविधता निर्देशांक या ठळक शिफारशींत दोन वर्षांखालील बालकाला स्थान नाही.

पुढे २०१८ मध्ये गेरुसो व स्पीअर्स या संशोधकांनी जगण्यातील आघाडीचा संबंध शौचालयांच्या अधिक वापराशी जोडला. वाढीसाठी मात्र एवढे पुरत नाही. सहा महिन्यांनंतर नुसते आईचे दूध अपुरे पडते. डाळीचे वरचे पाणी वा पातळ शोरबा पोट भरतो, वाढ करीत नाही. त्यासाठी कुस्करलेली घट्ट डाळ-खिचडी, अंडे, थोडे तेल लागते. दिवसभर विड्या वळणाऱ्या किंवा जरीकाम करणाऱ्या आईला ते तीन-चार वेळा भरविण्याची सवड कोठून मिळावी, हा प्रश्न अर्थव्यवस्थेचा आहे. 'कुपोषण' या सरसकट शब्दामुळे हडकुळे मूल नजरेत भरते. बुटके मूल 'घराण्यावर गेले' म्हणून सुटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची वाढ खुंटलेली होती. ६ ते २३ महिन्यांच्या केवळ ११.३ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत होता. हे आकडे सर्व समाजांचे आहेत. त्यामुळे एखाद्या समाजाच्या चालीरीतींवर दोष ढकलता येत नाही.

वाढ खुंटलेले मूल शिक्षणातही मागे पडण्याचा धोका अधिक असतो. सच्चर अहवाल गळती शाळेच्या दारापासून मोजतो. तिचे एक मूळ त्याआधीच्या वर्षांत असते. यापुढील शैक्षणिक पाहणीत पटसंख्येच्या तक्त्याशेजारी वस्तीतील अंगणवाडीच्या उंचीच्या नोंदीही असाव्यात.