घोंगडी, टोपी आणि जातीचा रकाना

रंगभूमीवरच्या नाटकाचे परीक्षण छापून येते. राजकारणातल्या नाटकाची फक्त बातमी होते, आणि दुसऱ्या दिवशी नवा प्रयोग लागतो. बारामती-इंदापूर भागात राहणाऱ्या आम्ही लोकांनी असे प्रयोग पुष्कळ पाहिले. त्यातल्या एकाचे परीक्षण आम्ही इथे करतो आहोत. तो प्रयोग आपल्या समाजाचा नाही, धनगर समाजाचा आहे. शेजारच्या मांडवातले आपल्याला जरा निवांतपणे पाहता येते, म्हणून तोच निवडला.

जुलै २०१४. धनगरांना अनुसूचित जमातीत घ्यावे म्हणून बारामतीत उपोषण सुरू झाले. सगळा वाद एका अक्षराचा. यादीत ओरावांबरोबर 'धनगड' आहे, 'धनगर' नाही. 'र' चा 'ड' झाला, जमात एकच, असे समाजाचे म्हणणे. राज्यात धनगर भटक्या जमाती (क) मध्ये आहेत, साडेतीन टक्क्यांत. दुखणे खरे आहे. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरणाऱ्या घरातल्या पोराची शाळा अर्ध्यावर सुटते, हे आम्हा शिक्षकांना कोणी सांगायला नको. खोटे असेल तर ते मांडवातले आहे. पिवळे फेटे, खांद्यावर घोंगडी, भंडाऱ्याची उधळण, हातात मेंढराचे कोकरू. भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष देवेंद्र फडणवीस त्या व्यासपीठावर आले आणि सत्ता आली तर पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत निर्णय घेऊ, असा शब्द देऊन गेले. ऑक्टोबरमध्ये सत्ता आली. पहिली बैठक झाली, पुढच्याही झाल्या. मग टाटा समाजविज्ञान संस्थेकडे अभ्यास सोपवला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मागणीच्या याचिका फेटाळल्या.

या संहितेतला दोष पहिल्याच अंकात आहे. अनुसूचित जमातींची यादी बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमाने संसदेला दिला आहे. राज्याचे मंत्रिमंडळ फार तर शिफारस करते. हे व्यासपीठावर बसलेल्यांना ठाऊक नसेल, असे आम्हाला वाटत नाही. समोर उन्हात बसलेल्यांना मात्र ते कोणी सांगितले नाही.

नटांची गोष्ट वेगळी. महादेव जानकर २०१४ च्या लोकसभेला बारामतीतून उभे राहिले आणि सत्तर हजारांच्या आत हरले. ती लढत खरी होती, हे मान्य केले पाहिजे. पुढे ते मंत्री झाले आणि खाते मिळाले पशुसंवर्धनाचे! धनगर नेत्याला मेंढरांचेच खाते. पात्रयोजना करणाऱ्याची कल्पनाशक्ती एवढीच. गोपीचंद पडळकर २०१९ च्या एप्रिलमध्ये सांगलीत वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार होते, ऑक्टोबरमध्ये बारामतीत अजित पवारांसमोर भाजपचे. १ लाख ६५ हजारांवर मतांनी हरले, आणि २०२० मध्ये विधान परिषदेवर गेले. मतदाराने नाकारले तरी नटाला बढती मिळते. मेंढपाळ जिथे होता तिथेच.

प्रतिनाट्यही पाहा. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी धनगरांच्या समावेशाला विरोध म्हणून मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून उड्या मारल्या. खाली जाळी होती. लोकांनी जीव देऊ नये म्हणून ती बसवलेली. झिरवाळ सत्ताधारी पक्षाचेच. म्हणजे मागणी मान्य करण्याचा शब्द देणारे आणि तिच्या विरोधात उडी मारणारे एकाच सरकारच्या बाकांवर.

आता आपल्या मांडवाकडे येऊ. रमजानात टोपी घालून खजूर खाणाऱ्यांबद्दल आम्ही लिहीत नाही. ते प्रकरण शिळे झाले. त्याच जुलै २०१४ मध्ये आघाडी सरकारने मुस्लिमांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला, निवडणूक तोंडावर असताना. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणातले आरक्षण राहू दिले. नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही, अध्यादेश बाद झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये अल्पसंख्याक मंत्री नवाब मलिक यांनी ते परत देण्याची घोषणा केली. चार दिवसांत मुख्यमंत्र्यांनी असा निर्णय झालेला नाही असे सांगितले. डिसेंबर २०२१ मध्ये एमआयएमची तिरंगा रॅली मुंबईवर गेली. हे सगळे आपले नुमाइंदे.

आणि इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे, स्वतः धनगर, डिसेंबर २०२४ ते जुलै २०२५ राज्याचे अल्पसंख्याक विकास मंत्री होते. आपला माणूस नाही, अशी कुजबुज होणारच. आमचे मोजमाप निराळे आहे. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्ती बंद केली. त्यावर आमच्या भागात मांडव पडलेला आम्ही पाहिला नाही, ना टोपीवाल्यांचा, ना बिनटोपीवाल्यांचा.

त्याहून साधी गोष्ट. बागवान, तांबोळी, अत्तार हे ओबीसीत आहेत. त्यांच्या मुलाला जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात बहुधा नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. अर्ज तिथेच अडतो. ना संसद लागते, ना घटनादुरुस्ती. जुने जन्म-मृत्यू रजिस्टर, महसुली नोंदी शोधायच्या आणि प्रांत कार्यालयात चार खेपा घालायच्या. दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालक येतात ते हाच कागद घेऊन.