उलटे न फिरणारे कडे

गडचिरोलीकडच्या रानवाटेवर शाळा सुटल्यावर मुली सायकलींवर निघतात, उतार लागला की पायडल थांबवतात, आणि मागच्या चाकातून एक नाजूक, अखंड टिकटिक ऐकू येऊ लागते. सागाची पाने कितीही सळसळोत, ती टिकटिक लोपत नाही. फ्रीव्हीलचा हा नाद आपल्या कानांना बालपणापासून ओळखीचा आहे. आज त्याच कुळातल्या एका देखण्या नादाकडे आपण निवांत कान देऊ या. पाणबुड्यांच्या घड्याळावर तबकडीभोवती एक फिरते कडे असते. त्याला बेझल म्हणतात. चिमटीत धरून ते फिरवले की उमटतो एक स्वच्छ, आटोपशीर ‘टक्’.

हा ‘टक्’ जन्मतो कुठे? कड्याच्या पोटाशी, नजरेआड, दातांचे एक वलय कोरलेले असते. प्रत्येक दाताची एक बाजू पायवाटेच्या चढासारखी सौम्य, तर दुसरी विहिरीच्या भिंतीसारखी उभी. त्यांवर स्प्रिंगची एक चिमुकली पोलादी जीभ टेकलेली असते. कडे डावीकडे वळवले की ती जीभ चढावरून सरकते, माथ्यावर क्षणभर ताणली जाते आणि पुढच्या खाचेत उतरते. उलट वळवू पाहावे, तर ती उभ्या भिंतीला अडते. दात 60 असतील तर दर टक्‌ला एक मिनिट सरते, 120 असतील तर अर्धे. स्प्रिंग जराशी सैल पडली तर कडे डगमगेल, जराशी ताठ झाली तर हातमोज्यातल्या ओल्या बोटांना ते वळणार नाही. त्या दोहोंमधल्या केसभर जागेत कारागिराची सारी साधना सामावलेली असते.

आणि ही दिशा डावीच का, या प्रश्नापाशी आपण थोडे अधिक रेंगाळावे, कारण खरा रस इथेच आहे. पाण्यात उतरताना पाणबुड्या कड्यावरचा शून्याचा चमकता ठिपका मिनिटकाट्यासमोर आणून ठेवतो. पुढे काटा सरकत जातो आणि किती मिनिटे सरली ते कड्यावरच वाचता येते. समजा, खडकाला घासून कडे हलले. ते डावीकडेच हलू शकते, म्हणजे ठिपका काट्यापासून आणखी मागे जातो, आणि सरलेला वेळ आहे त्याहून जास्त दिसतो. पाणबुड्या थोडा लवकर वर येतो, पाठीवरच्या टाकीत हवा शिल्लक असतानाच. कडे चुकले, पण जिवाच्या बाजूने चुकले.

या करुणेमागे अनुभवही आहे. ब्लाँपां या स्विस कंपनीचे प्रमुख झाँ-जाक फिश्तर स्वतः पाणबुडे होते. एकदा पाण्याखाली वेळेचे भान हरपले आणि हवा संपली, तेव्हा त्यांना घाईने वर यावे लागले. 1953 साली त्यांनी जे घड्याळ घडवले, त्याचे कडे खाली दाबल्याशिवाय फिरतच नसे. नाव ठेवले फिफ्टी फॅदम्स, म्हणजे आपले पन्नास वाव. दोन्ही हात पसरले की होणारे हे माप विहिरीचा दोर मोजणाऱ्या आपल्या माणसांना परके कसे वाटेल?

आता कड्याचा पृष्ठभाग पाहू. पूर्वी तिथे रंगवलेल्या अॅल्युमिनियमची चकती असे. तिच्यावर ओरखडे उमटत आणि उन्हाने रंग विटे. अलीकडे उंची घड्याळांत झिर्कोनियाची सिरॅमिक चकती बसवतात. त्यासाठी झिर्कोनियाची भुकटी दाबून आकाराला आणतात आणि दीड हजार अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत भाजतात. भट्टीत ती आक्रसते, म्हणून कच्चा घाट आधीच मोठा धरावा लागतो. भद्रावतीच्या कुंभाराला हे सांगायला नको. ओली माती किती आकसणार, हे त्याच्या बोटांना ठाऊकच असते. भाजल्यावर चकती इतकी कठीण होते की तिला हिऱ्याच्या हत्यारांनीच आकार द्यावा लागतो. मग कोरलेल्या अंकांत कुठे प्लॅटिनमचा, कुठे सोन्याचा पातळ थर उतरतो.

इतके सारे निरखून आपण पुन्हा त्या एका ‘टक्’पाशी येतो, आणि आता तो वेगळा ऐकू येतो. माणूस चुकणार, धडपडणार, भान विसरणार, हे या कड्याने मुळातच मान्य केले आहे, आणि ती चूक कुठे झुकावी हे दातांच्या उतारावर आधीच लिहून ठेवले आहे. आपल्या झाडीपट्टीत, भाताच्या या मुलखात, चुलीवर आधण ठेवून घरची बाई तांदूळ घेते, तेव्हा मोजून झाल्यावरही एक मूठ जास्तच टाकते. अंदाज चुकला तर अन्न उरावे, कुणी उपाशी उठू नये. त्या मुठीतले शहाणपण पोलादाच्या दातांत कोरले, की त्याचे हे कडे होते.