पीटर पॅनची बंद खिडकी

मुलांना अद्भुतकथा का आवडतात, असं विचारलं की बहुतेक जण एकच उत्तर देतात. मुलांना उडायचं असतं, शाळा नको असते, मोठ्यांच्या धाकातून सुटायचं असतं. थोडक्यात, इच्छापूर्ती. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. आज एकच गोष्ट घेऊन ते तपासू या. जेम्स बॅरीचा 'पीटर पॅन'. १९०४ साली लंडनला हे नाटक रंगभूमीवर आलं आणि १९११ साली बॅरीनंच त्याची कादंबरी केली.

कधीच मोठा न होणारा मुलगा, नेव्हरलँड, कॅप्टन हुक, ती मगर, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. कादंबरीतली एक जागा मात्र पुन्हा वाचा. वेंडी मुलांना गोष्ट सांगते आहे. आपण कितीही दिवस बाहेर राहिलो तरी आई खिडकी उघडीच ठेवणार, असा तिचा भरवसा. पीटर म्हणतो, मलाही तसंच वाटायचं. मी परत गेलो तेव्हा खिडकी बंद होती, आणि माझ्या बिछान्यात दुसरंच मूल झोपलं होतं. हे ऐकून मुलांची पाचावर धारण बसते. ती लगेच घरी निघतात.

आता बघा, ही भीती आपल्या ओळखीची आहे. 'तुला बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतलंय' असं आपण हसत हसत पोरांना चिडवतो. मूल हसतं, पण त्या रात्री आईला जरा जास्तच चिकटून झोपतं. आपली जागा दुसऱ्या कुणाला गेली तर?

बॅरीला ही भीती आतून ठाऊक होती. १८६७ साली त्याचा थोरला भाऊ डेव्हिड तेराव्या वर्षी बर्फावर स्केटिंग करताना झालेल्या अपघातात गेला. जेम्स तेव्हा सहा वर्षांचा. खचलेल्या आईसाठी तो डेव्हिडसारखा व्हायला बघायचा. आईवरच्या १८९६ च्या पुस्तकात त्यानं हे लिहिलं आहे. आईच्या मनात डेव्हिड कायम मुलगाच राहिला. पण चरित्र सापडलं म्हणजे गोष्ट उलगडली, असं समजू नका. बॅरीचं दुःख आपल्या घरातल्या मुलाला का भिडावं?

मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी १९७६ च्या पुस्तकात परीकथांबद्दल एक मांडणी केली. मुलाला ज्या भीतीचं नाव सांगता येत नाही, तिला परीकथा रूप देते, आणि सुखान्त शेवटातून धीर देते. 'पीटर पॅन' यातलं पहिलं काम चोख करतो. दुसऱ्यात तो हात आखडता घेतो. पीटर पुढे उडत जातो आणि डार्लिंगांच्या घरची खिडकी मुद्दाम लावून घेतो, आईनंच आपल्याला बाहेर ठेवलं असं वेंडीला वाटावं म्हणून. मग त्याला त्या आईच्या डोळ्यांत पाणी दिसतं, आणि तो खिडकी उघडतो. मुलं घरात जातात. पीटर बाहेरच राहतो. पुढे तो हुकला विसरतो, टिंकर बेललाही विसरतो. मोठं न होण्याची किंमत ही अशी आहे: आठवणच टिकत नाही.

माझ्या मते या गोष्टीचं खरं आकर्षण इथे आहे. ऐकणारं मूल एकाच वेळी आत गेलेलं असतं आणि बाहेरही उभं असतं. त्याला उडायला मिळतं, पण उडण्याबद्दल त्याच्याशी खोटं बोललेलं नसतं.

म्हणून डिस्नेच्या १९५३ च्या चित्रपटाबद्दल माझी तक्रार आहे. गाणी छान, रंग छान. पण तिथे सगळं एका रात्रीत आटोपतं. आईबाप परततात तर वेंडी खिडकीपाशी झोपलेली. आईनं वाट बघणंच उरत नाही, आणि वाट बघणारं कुणी नसेल तर परत येण्याला वजन कुठून येणार? रेड इंडियनांचं त्यातलं टिंगलखोर चित्रण मूळ पुस्तकातही आहे, तिथे मुलांशी बोलायलाच हवं. त्या जागी कात्री चालली नाही, आणि खिडकीवर मात्र चालली!

तर मंडळी, संक्षिप्त आवृत्ती घेताना ते खिडकीचं प्रकरण आहे का, एवढं बघून घ्या. वाचताना मूल गप्प झालं तर घाबरू नका. तिथे थोडं थांबा. ते काही विचारेल, त्याला खरं उत्तर द्या.